साकवापर्यंतची वाट

"घराची वाट सांगा."

हे म्हणायच्या आधी आमचे भुलीचे डॉक्टर दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळत. थिएटरमधली थंडी हातात उतरलेली असायची, आणि गार हात लागला की घाबरलेला माणूस आणखी घाबरतो असं त्यांचं म्हणणं. तळवे ऊबदार झाले की एक हात पेशंटच्या मनगटावर ठेवायचे, दुसऱ्या हाताने मास्क धरायचे आणि जेवायला येणाऱ्या पाहुण्यासारखं विचारायचे, "तुमच्याकडे यायचं तर कुठे उतरायचं? हां. तिथनं पुढे?"

रत्नागिरीतल्या एका लहानशा हॉस्पिटलात मी थिएटर सिस्टर होते. तुमच्यापैकी जे कुणी ऑपरेशनच्या टेबलावर झोपले असतील त्यांना मी काय सांगते ते कळेल. टेबल अरुंद असतं, कूस बदलावी म्हटलं तर पडू अशी भीती वाटते. अंगात मागून नाड्या बांधायचा गाऊन, बोटाला चिमटा, दंडाला आपोआप आवळणारा पट्टा. यंत्र टिकटिकत असतं, ती आपलीच छाती आहे हे ध्यानात आलं की टिकटिक वाढते, आणि वाढलेली ऐकून आणखी वाढते. अंगठी, मंगळसूत्र, टिकली, कवळी सगळं बाहेर उतरवून ठेवलेलं असतं. सोबत आलेली माणसंही दाराबाहेर राहिलेली असतात. त्या घटकेला माणूस फार एकटा असतो.

अशा माणसाला "घाबरू नका" म्हणून काही उपयोग नसतो. घराची वाट मात्र कुणीही सांगतो. बोलता बोलता सलाईनमधून औषध जायचं, आणि वाट अर्ध्यात थांबायची. कुणी देवळाच्या वळणावर झोपायचं, कुणी विहिरीपाशी. घराच्या पायरीपर्यंत पोचलेला पेशंट मी एकही पाहिला नाही.

ऑपरेशन झाल्यावर जागं करायलाही डॉक्टरांकडे तीच वाट असे. कानाशी वाकून म्हणायचे, "विहिरीपर्यंत आलो होतो आपण. पुढे?" बधिर जिभेने, जड डोळ्यांनी माणूस खरंच पुढचं सांगू लागायचा. सांगितलं की डॉक्टर मान हलवायचे आणि आम्ही सगळे मोकळा श्वास घ्यायचो. शुद्ध नीट आली, याची त्यांची खूण ती.

अंजनवेलचे एक म्हातारे खलाशी आले होते. जन्म बोटीवर गेलेला. त्यांनी वाट समुद्राकडून सांगितली. "उजव्या हाताला गोपाळगड दिसला की खाडीत शिरायचं," एवढं म्हणून झोपले. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "हा गृहस्थ घरी बोटीने जातो, सिस्टर." शुद्धीवर आणताना त्यांनी विचारलं, "खाडीच्या तोंडाशी आलो. पुढे?" खलाशीबुवा डोळे न उघडता पुटपुटले, "पुडं काय. धक्क्यावर बायको हुबी आसंल, शिव्या घालाया." बायको खरोखरच बाहेर बाकावर बसली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता.

आणखी एक आजी होत्या, नातवंडं असलेल्या. त्यांनी सांगितलेली वाट कागदावरच्या पत्त्याशी जुळेना. मी काही बोलणार तोच डॉक्टरांनी डोळ्यांनी गप्प केलं. आजी झोपल्यावर हळूच म्हणाले, "माहेरची आहे. नवऱ्याला सांगू नका." त्यांना जागं करतानाही माहेरच्याच वाटेने आणलं.

पण वाटेच्या आधी एक प्रश्न असे, आणि तो विचारताना डॉक्टर अजिबात पाहुणे नसत. "सकाळपासून पोटात काय गेलं?" काय खाल्लं, असं ते चुकूनही विचारत नसत. का, ते मला लांज्याकडच्या एका काकांनी शिकवलं. काका हर्नियासाठी सकाळच्या गाडीने आलेले. मी विचारलं, काही खाल्लंत का? "नाय वो बाय, घास उतरला नाय घशाखाली." मी समाधानाने गाऊन दिला. डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "पेज घेतली वाईच. पेज म्हंजे काय खानं नाय."

आता पेज म्हणजे खाणं नव्हे हे आपल्याकडे सगळ्यांनाच मान्य आहे, त्यामुळे काका काही खोटं बोलले नव्हते. सर्जन मात्र वैतागले. डॉक्टर काकांच्या शेजारी बसले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं. "झोपेत पोटातलं वर येतं, काका, आणि श्वासात जातं. मग मला तुम्हाला उठवता यायचं नाही. उद्या करू." काकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते थुंकीसुद्धा गिळायला तयार नव्हते.

प्रसादाचंही तसंच. एक सून हेदवीच्या गणपतीचा शिरा घेऊन आली होती आणि सासूच्या जिभेवर कणभर ठेवायला निघाली होती. देवाला नाही कोण म्हणणार? डॉक्टर म्हणाले, "प्रसादाला नाही म्हणायचंच नाही. पण तो भूल देणाऱ्याने खायचा असतो, घेणाऱ्याने नाही. आमच्यात तशी पद्धत आहे." अशी काही पद्धत नव्हती, त्यांनी ती उभ्या उभ्या काढली होती. सगळा शिरा संपवून, हात धुऊन म्हणाले, "मी त्याच बाजूचा. गणपती आमचा शेजारी आहे, तो समजून घेईल."

मला त्यांनी एक शिकवण दिली होती. "उत्तर ऐकू नका, सिस्टर. उत्तर देताना पेशंट कुठे बघतो ते बघा. ज्याच्या पोटात काही गेलंय, तो आधी देणाऱ्याकडे बघतो."

ही शिकवण मी एक दिवस त्यांच्यावरच वापरीन असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्यांच्या पित्ताशयात खडे होते. आम्हाला पत्ता नव्हता. एका ऑपरेशनच्या वेळी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली, कपाळावर घाम आला, तरी पेशंट शुद्धीवर येईपर्यंत जागचे हलले नाहीत. सर्जनने मग त्यांना दटावून तपासण्या करायला लावल्या. खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, लवकर उरकून घ्या, असं सांगितलं. डॉक्टर हो म्हणाले. त्या आठवड्यात त्यांना सर्दी झाली. मग भाचीचं लग्न निघालं. मग म्हणाले आंबे होऊ देत. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवलेला माणूस टाळाटाळ करत होता. आम्ही चिडवत होतो, पण त्यांचे डोळे पिवळट दिसायला लागले तेव्हा चिडवायचं थांबलं. मला रोज धाकधूक वाटायची, आज येतील की आज त्यांनाच आणतील.

अखेर दिवस ठरला. सकाळी ते पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन आले. गाडी लावतो म्हणून वहिनींना पुढे पाठवलं आणि जरा वेळाने वर आले. मी नेहमीसारखा गाऊन त्यांच्या हातात दिला. विचारलं, "डॉक्टर, सकाळपासून पोटात काय गेलं?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि खिडकीकडे बघितलं.

खिडकीतून समोरची चहाची टपरी दिसते.

वहिनी सांगत होत्या, मी रात्रीपासून पाण्याचा थेंब दिला नाही. मी त्यांना कागद आणायला काउंटरवर पाठवलं आणि दार लोटलं. "चहा?" मी विचारलं.

"अर्धा कप."

"चुकून?"

डॉक्टर गाऊनच्या नाड्यांशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मुद्दाम प्यालो. आज होणार नाही एवढंच डोक्यात होतं." नाडी सोडून म्हणाले, "सिस्टर, आजवर सगळ्यांना उठवणारा मी होतो. मला कोण उठवणार?"

मला त्यांचा राग आला आणि लगेच रडूही आलं. एवढी भीती पोटात घेऊन हा माणूस रोज दुसऱ्यांचे हात ऊबदार करत होता. मी म्हटलं, "मी उठवीन. उद्या चहा प्यालात तर मात्र वहिनींना सांगेन." ते हसले नाहीत. नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आले ते सरळ वर आले. खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. घड्याळ काढलं, अंगठी साबण लावून काढली. मग माझ्याकडे पाठ केली आणि तोंडावर हात धरून वाटीत कवळी ठेवली. इतकी वर्षं शेजारी उभं राहून आम्हाला त्यांना कवळी आहे हे माहीत नव्हतं. मी वाटीवर झाकण ठेवलं आणि दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

भूल द्यायला नव्या मॅडम होत्या. हुशार मुलगी, हात हलका. पेशंटला त्या उलटे आकडे म्हणायला लावत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आकडे सांगितले नाहीत. मी तळवे चोळले. इतकं चोळूनही माझेच हात गार होते. त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हटलं, "घराची वाट सांगा, डॉक्टर."

मला वाटलं रत्नागिरीतला फ्लॅट सांगतील. लिफ्ट सांगतील. पण ते छताकडे बघत बोलू लागले. दात नसल्यामुळे शब्द मऊ येत होते.

"हेदवीच्या अलीकडे उतरायचं. थांब्याला छप्पर नाही. समोर कुंपणाचा, चिऱ्याचा गडगा आहे, त्याच्या कडेने उतार धरायचा. फणस लागतो. वाकडा फणस. मग खाली पऱ्याचा आवाज येतो... त्याच्यावर साकव आहे. लाकडी..."

ओढ्यावरच्या त्या लहानशा पुलापाशी त्यांना झोप लागली. यंत्र शांतपणे टिकटिकत राहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पित्ताशय सुजून घट्ट झालं होतं, आणखी थांबले असते तर कठीण होतं, असं सर्जन म्हणाले. औषध बंद केलं. आता उठायला हवे होते, पण ते उठले नाहीत.

वयाने असं होतं, शरीर औषध सावकाश सोडतं. हे मला ठाऊक होतं, मॅडमना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी मॅडम बोलत होत्या माझ्याशी आणि बघत होत्या यंत्राकडे. त्यांनी डॉक्टरांना नावाने हाका मारल्या. खांदा हलवला. डोळे मिटलेलेच. वहिनी बाहेर त्याच बाकावर बसल्या होत्या, दार जरा उघडलं की उभ्या राहत होत्या. मी उठवीन म्हणाले होते, आणि ते किती सहज बोलून गेले होते.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "डॉक्टर, साकवापर्यंत आलो होतो आपण. पुढे?"

काही नाही.

"डॉक्टर, मी साकवाशी उभी आहे. पुढे कसं यायचं?"

ओठ हलले. मी आणखी खाली वाकले.

"फळी ओली आहे," ते म्हणाले. "जपून या."

मॅडमनी यंत्रावरची नजर काढली. मी कापसाने त्यांचे ओठ ओले केले, दोन पांघरुणं घातली, कारण शुद्धीवर येताना माणूस कुडकुडतो, आणि बाहेर जाऊन वहिनींना सांगितलं. त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मग मीही रडले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशंटना विचारतात तसं मी त्यांनाही विचारलं, वारा सरला का? ते म्हणाले, "हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही, हे बरं केलं." कवळी बसवलेली होती आणि ते हसत होते.

त्यानंतर त्यांनी काम सोडलं आणि वहिनींसह गावच्या घरी राहायला गेले. अधूनमधून फोन यायचा. नव्या मॅडम पेशंटला काय विचारतात याची चौकशी व्हायची. मॅडमही आता वाटच विचारतात, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी ते लगेच वहिनींना हाक मारून सांगितलं. प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायचे, "या एकदा घरी. वाट माहीत आहे तुम्हाला."

"साकवापर्यंत माहीत आहे," मी म्हणायची.

"पुढची आलात की सांगतो."

जाऊ, जाऊ म्हणत माझं राहून गेलं. आमच्याकडे सुट्टी मिळते तेव्हा घरचं काही ना काही निघतं. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले आणि वहिनींचा फोन आला. सकाळी चहाला उठवायला गेल्या, तर उठले नाहीत.

मी पहिल्यांदा त्या थांब्यावर उतरले ती त्यांना भेटायला नव्हे. थांब्याला अजून छप्पर नाही. समोर गडगा आहे, त्याच्या कडेने उतार आहे. फणस खरंच वाकडा आहे. खाली पाण्याचा आवाज आला, आणि साकव दिसला तेव्हा मला हा सगळा मुलूख आपण फार वर्षांपासून ओळखतो असं वाटलं. फळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. तरी मी कठड्याला धरून, एकेक पाऊल जपून टाकत गेले.

पलीकडे वाटेला दोन फाटे फुटले होते. एक माडांच्या बागेत शिरत होता, दुसरा वर चढत होता. विचारायला आसपास कुणी नव्हतं. मी दोन्हीकडे बघितलं. मग नकळत तळवे एकमेकांवर चोळले आणि मोठ्याने म्हटलं, "डॉक्टर, साकव ओलांडला. पुढे?"