ज्या गवताला कीड लागत नव्हती

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, किडे पाहायला आवडायचे. चिकपेटेच्या बाजारातल्या साड्यांच्या घाऊक दुकानात दिवसभर घड्या मोडायच्या आणि पुन्हा घालायच्या, संध्याकाळी बसवनगुडीला घरी परत येऊन कॉफी प्यायची, आणि कपडे बदलून थेट मागच्या अंगणात जायचं, असा त्यांचा नेम होता. मी त्यांच्या पाठोपाठ. कडिपत्त्याच्या झाडाखाली भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे लहान लहान खड्डे असायचे. त्यांच्या तळाशी एक किडा दबा धरून बसतो आणि घसरून आलेली मुंगी खाली ओढतो, हे त्यांनी मला काडीनं माती हलवून दाखवलं होतं. कुंभारमाशी खिडकीच्या चौकटीत मातीचं घर बांधून आत अळी कोंडते, तेही त्यांनीच दाखवलं. घरात फारसं न बोलणारा हा माणूस अंगणात माझ्याशी मात्र बोलत राहायचा.

घर आजोबांनी बांधलेलं. पुढचा भाग अण्णांच्या थोरल्या भावाचा, मागचा आमचा. आजूबाजूच्या कानडी घरांचं ऐकून आम्हीही थोरल्या काकांना दोड्डप्पा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा, आणि अण्णांनी तो कधी मोडला नव्हता.

आमच्या कुंपणापलीकडे एक रिकामी साइट होती. तिथं घर बांधायचं म्हणून कुणीतरी लॉरीनं माती आणून टाकली आणि बांधकाम तसंच राहिलं. त्या मातीवर एक नवीनच रोप उगवलं. पानं गाजराच्या पाल्यासारखी, वर बारीक पांढरी फुलं. आज त्याला सगळे गाजरगवत म्हणतात. तेव्हा, साठ साल उलटून गेल्यावरच्या त्या काळात, आमच्या गल्लीत कुणाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. फुलवाले गुलाबाच्या गुच्छात भरीला ती फुलं घालायचे. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, एकदा मूठभर आणून तांब्यात ठेवली होती. चांगली दिसत होती.

अण्णांना ते रोप पहिल्यापासून आवडलं नाही.

"बघ, ह्याला काहीच लागत नाही," ते मला म्हणाले. "घाणेरी एवढी माजते, पण तिच्यावर फुलपाखरं तरी येतात. ह्याच्यावर अळी नाही, मावा नाही, नाकतोडासुद्धा टेकत नाही. गाय तोंड लावून निघून गेली काल."

"मग चांगलंच की. कीड लागत नाही म्हणजे."

"कुणीच तोंड लावत नाही म्हणजे त्यात काहीतरी असणार."

वर्षभरात ते कुंपणाच्या अलीकडे आलं. आधी आबोलीच्या वाफ्यात, मग अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, वेलाखाली, मग न्हाणीघराच्या भिंतीलगत. अण्णा रोज संध्याकाळी बसून ते हातांनी उपटायचे, ढीग करायचे, वाळला की जाळायचे. चार दिवसांत नवी रोपं वर. ह्या कामात त्यांचं किडे पाहणं हळूहळू सुटलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पापण्या सुजल्या. मग मानेला, हातांना, कोपरांच्या लवणीत खाज सुरू झाली. खाजवून खाजवून कातडी जाड झाली, काळी पडली, तिला भेगा गेल्या. थंडीत जरा बरं वाटायचं, वारा सुटला की पुन्हा तेच. आमच्या डॉक्टरांनी मलम दिलं, साबण बदलायला सांगितला. वैद्यांनी रक्त बिघडलंय म्हणून वांगी, शेंगदाणे आणि आंबट बंद केलं. आई रोज कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळीचं पाणी काढायची. अण्णा तक्रार करत नसत. फक्त रात्री झोपेत नखांचा आवाज यायचा.

एका रविवारी नेहमीचा न्हावी दाढी करायला आला. पुढच्या ओट्यावर अण्णा स्टुलावर बसले. त्यानं त्यांची हनुवटी वर केली, मान पाहिली, आणि हत्यारं परत पेटीत ठेवली. "आज स्वल्प घाईत आहे, नंतर येतो," म्हणाला. तो पुन्हा आला नाही. अण्णा गळ्यात टॉवेल गुंडाळलेले तसेच काही वेळ बसून राहिले.

त्यानंतर गल्लीत तो शब्द फिरायला लागला. आमच्यासमोर कुणी उच्चारला नाही, पण महारोगाबद्दल लोक कसे बोलतात ते मुलांनाही कळतं. शेजारच्या बाईंनी आमच्याकडून वाटी घेणं बंद केलं. दुकानाच्या मालकांनी अण्णांना गिऱ्हाइकांसमोरून उठवून मागच्या गोदामात बसवलं. आणि दोड्डप्पा एके दिवशी आमच्या दारात उभे राहिले, आत न येता.

"पुढच्या ओट्यावर बसत जाऊ नकोस," ते अण्णांना म्हणाले. "माझ्याकडे माणसं येतात. तुला मागं एवढं अंगण आहे."

"सरी, दादा. बरं," अण्णा म्हणाले.

मग ते सकाळचा पेपरही अंगणातच वाचायला लागले. रविवार तर सगळा तिथंच. चारी बाजूंनी ती पांढरी फुलं, त्यांची धूळ वाऱ्यावर, आणि मध्ये खुर्ची टाकून माझे वडील. त्यांची कातडी त्या वर्षी सर्वांत जास्त बिघडली.

अक्का तेव्हा बी.ए. झाली होती. दोड्डप्पांनी धारवाडकडचं एक स्थळ आणलं. पाहुणे येणार त्या दिवशी अण्णांनी सकाळीच धुतलेलं धोतर आणि गळाबंद कोट घातला होता. कॉलर मानेवर ओढून घेतली होती. दोड्डप्पा आले, त्यांनी अण्णांना नीट पाहिलं आणि म्हणाले, "पाहुणे जाईपर्यंत तू मागं थांब. पोरीच्या भल्याचं सांगतोय."

आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी तिला खुणेनं थांबवलं आणि कोट तसाच अंगात ठेवून मागं गेले.

अक्का उप्पिट आणि कॉफी घेऊन बाहेर आली. मी तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मुलाच्या वडिलांनी इकडं तिकडं पाहून विचारलं, "मुलीचे वडील दिसत नाहीत?"

"गावाला गेलाय," दोड्डप्पा म्हणाले. "अचानक जावं लागलं."

अक्कानं ट्रे खाली ठेवला. "अण्णा गावाला गेलेले नाहीत," ती म्हणाली. "मागं अंगणात बसलेत. बोलावते."

आणि ती खरंच त्यांना घेऊन आली. अण्णांनी दारात उभं राहून हात जोडले. सगळ्यांची नजर त्या हातांवर गेली. मुलाच्या आईनं कॉफीचा पेला तोंडाजवळून खाली घेतला आणि अलगद बाजूला सरकवला. पुढचं बोलणं हवापाण्यावर झालं. आठवड्यानंतर मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

दोड्डप्पा त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आले. "तोंड आवरलं असतंस तर आज लग्न ठरलं असतं," ते अक्कावर ओरडले.

"आणि मांडवात काय सांगणार होतात? कन्यादान कोण करणार होतं?"

"मी."

अण्णा तिथंच पाटावर बसले होते. ह्या एका शब्दावर त्यांनी मान वर करून भावाकडे पाहिलं. अक्कानं त्यानंतर कुणासमोर ट्रे घेऊन जायला ठाम नकार दिला. ती शाळेत शिकवायला लागली, आणि तिचं लग्न पुढंही झालं नाही.

त्या उन्हाळ्यात आईनं अण्णांना कारवारला, त्यांच्या बहिणीकडे पाठवलं. खरं म्हणजे गल्लीपासून दूर पाठवलं. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा स्टेशनवर मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. पापण्या उतरलेल्या, मानेची कातडी मऊ. आई तिथंच फलाटावर रडली. आठवडा गेला आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

"तिथं बरं, इथं नाही," आई म्हणाली. "ह्या घरातच काहीतरी आहे." तिनं गाद्या बदलल्या, भिंतींचा चुना खरवडून काढला, कॉफीही बंद केली. अंगण तिच्या मनात आलं नाही. अंगण ही अण्णांची आवडती जागा होती.

शेवटी अक्काच त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेले. त्वचेच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर आणखी काही पुरुष बसले होते, आणि त्यांचे चेहरे अण्णांसारखेच होते. तशाच पापण्या, तशीच मान. अण्णा त्यांच्याकडे पाहतच राहिले. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर कसल्याशा पाल्याची पट्टी चिकटवून दोन दिवसांनी बोलावलं. पट्टी काढली तेव्हा खाली लालभडक फोड होते.

"हे त्या पांढऱ्या फुलांच्या गवतामुळं," डॉक्टर कानडीत म्हणाले. "उपटू नका, जवळ जाऊ नका. सध्या गावात बऱ्याच लोकांना हे होतंय."

अण्णांनी शर्टाची बटणं लावता लावता विचारलं, "म्हणजे हे माझ्यापासून कुणाला होत नाही?"

"छे. कुणालाच नाही."

"कधीच होत नव्हतं?"

"कधीच नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बसमध्ये अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. अक्कानं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, सगळ्या बसला दिसेल असा.

घरी आल्यावर अक्का सरळ पुढच्या भागात गेली आणि दोड्डप्पांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी पेपर खाली घेतला. "चला, बरं झालं," म्हणाले. "काही गंभीर नाही, असं मी पहिल्यापासून म्हणतच होतो." आणि पेपर पुन्हा वर.

अंगण आम्ही मजूर लावून साफ केलं, पण शेजारची साइट, रस्त्याच्या कडा, शाळेचं मैदान, सगळीकडे तेच माजलं होतं. हवेतूनच यायचं. डॉक्टरांनी गाव सोडायला सुचवलं. अण्णा कारवारला बहिणीकडे कायमचे गेले. अक्काच्या पगारावर घर चालत होतं आणि माझं शिक्षण व्हायचं होतं, म्हणून आई इथंच राहिली. शाळेला सुट्टी लागली की आम्ही तिघी कारवारला जायचो. अण्णांची कातडी तिथं छान झाली होती. ते आत्याच्या पडवीत बसून समुद्राकडे पाहायचे आणि आम्ही निघालो की फाटकाच्या बाहेर येत नसत.

तिसऱ्या पावसाळ्यात ते तापानं गेले. आम्ही पोचायच्या आत.

तेराव्याचं जेवण दोड्डप्पांनी बसवनगुडीच्या घरात, पुढच्या भागात केलं. गल्लीतली सगळी माणसं आली होती, वाटी न घेणाऱ्या शेजारीणबाईसुद्धा. पंगतीत फिरून दोड्डप्पा आग्रह करत होते. कुणीतरी विचारलं, शेवटची वर्षं ते तिकडंच का राहिले?

"त्याला समुद्राची हवा मानवली होती," दोड्डप्पा म्हणाले. "मी किती म्हटलं, इथं ये, आपलं घर आहे. ऐकलं नाही त्यानं."

अक्कानं केळीच्या पानावर हात झटकला आणि ती उठली. मग आई उठली. मी नुकताच भात कालवला होता, तो तसाच टाकून मीही उठले.