न लागलेलं दही आणि कागदाची पट्टी

घरात शिल्लक दूध दिसलं की त्याला विरजण लावल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही. त्या रविवारी सकाळी फ्रीज उघडला तर खालच्या कप्प्यात दुधाच्या चिमुकल्या बाटल्या रांगेत उभ्या. बायको भाजीला गेलेली, मुलगी झोपलेली. एवढंएवढं दूध ठेवून वाया घालवायचं म्हणजे काय, असं पुटपुटत मी सगळ्या बाटल्या एका पातेल्यात ओतल्या, दूध कोमट केलं, चमचाभर दही घातलं. बाटल्या घासल्या. त्यांच्यावरचे स्टिकर निघेनात, तेही नखांनी खरवडले. इतकं मन लावून मी ऑफिसातही काम करत नाही.

मुलगी उठली आणि ओरडलीच. "बाबा, माझे सॅम्पल कुठेत?"

ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. तिने एक कागदाची पट्टी तयार केली आहे, बायोसेन्सर. गुरांना दिलेल्या अँटिबायोटिकला नेमकं ओळखणारी प्रथिनं त्या पट्टीवर असतात. औषधाचा अंश दुधात उतरला असेल तर लाल रेघ उमटत नाही. कॉलेजातल्या दुधावर पट्टी पास झाली होती. आता घराघरांतल्या दुधावरही ती चालते, हे शुक्रवारी तिच्या गाईड मॅडमना दाखवायचं होतं, नाहीतर प्रोजेक्ट अडकणार. त्यासाठी तिने दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार दूध मागितलं होतं. आणि बापाने त्याला विरजण लावलं.

बरं, दही तरी लागावं! संध्याकाळी पातेलं हलवलं तर आत दूध तसंच पातळ. मी विरजणाला नावं ठेवत होतो, तोच सकाळपासून रुसून बसलेली मुलगी जवळ आली. "यातले जंतू वाढलेच नाहीत. कुठल्यातरी दुधात औषध असेल."

"मग झालं की काम! हेच दाखव मॅडमना."

"तुझं विरजणच खराब असेल तर? आणि दूध कोणाकडचं, ते कोण सांगणार? तू?"

म्हटलं, "उद्या परत गोळा करू. मी येतो."

"तू नको!"

"मी येणार म्हणजे येणार."

सकाळी निघालो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातच म्हणाल्या, "परवा लेक, आज बाप! दुधाबरोबर साखर-पावडरही देऊ का? चहाच करा तिकडे." मी बाटली पुढे धरून उभा राहिलो. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या दुधात काही निघालं तर उगाच डोक्याला ताप." त्यांच्या दारातूनही मी हललो नाही. कंटाळून दिलं त्यांनी. घराच्या नावाचे स्टिकर चिकटवायचं काम मात्र मुलीने माझ्या हाती दिलं नाही.

जेवणाच्या टेबलावर पट्ट्या मांडल्या. एकेक रेघ उमटत गेली. एक पट्टी कोरी राहिली. मुलीने त्याच बाटलीत दुसरी पट्टी बुडवली. तीही कोरी.

ती बाटली आमच्या घरची होती. सगळी बिल्डिंग पिशवीचं दूध घेते. आम्ही तेवढे तबेल्याचं ताजं घेतो, आणि लिफ्टमध्ये मी ते सगळ्यांना ऐकवतही असतो.

दूधवाल्याला फोन लावला. त्याने काही लपवलं नाही. एका म्हशीच्या सडाला सूज होती, इंजेक्शनं चालू होती, तिचं दूध वेगळं ठेवायचं राहून गेलं.

मी हळूच म्हटलं, "अगं, ही एक बाटली बाजूला ठेव ना. बाकीच्या दाखव मॅडमना. शेजारीपाजारी कळलं तर माझी काय अब्रू राहील?"

"बाबा, हीच तर पकडली पट्टीने!" मुलगी रडवेली झाली. "हीच काढली तर मी दाखवू काय?"

बायको ओट्यापाशी सगळं ऐकत होती. पदराला हात पुसत बाहेर आली. मुलीला म्हणाली, "आपलं घर सगळ्यांत वर लिही गं, मोठ्या अक्षरात." मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही, ती म्हैस बरी होईपर्यंत कोरा चहा प्यायचा. तोंड वाकडं करायचं नाही. लिफ्टमध्ये कोणी विचारलं तर हेही ऐकवायचं."