धोंडिराम ओव्हाळांनी शेठचे आभार मानले त्याची गोष्ट

मुंबईतल्या असल्फ्याच्या टेकडीवर बारसं असो, लग्न असो की जयंती असो, अध्यक्ष कोण आणि प्रमुख पाहुणा कोण यावरून दर खेपेला भांडणं होतात. माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण आभार कोण मानणार, यावर आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. आभार धोंडिराम ओव्हाळच मानणार. हा माणूस उभा राहिला की मागच्या रांगेतली बाईसुद्धा पदर सावरून बसते, कारण आपलं नाव येणार याची तिला खात्री असते.

ही कला धोंडिराम ठेच खाऊन शिकला. तरुणपणी एका जयंतीला तो स्पीकरवाल्याचं नाव घ्यायला विसरला. पुढच्या वर्षी धोंडिरामनं ‘सन्माननीय विचारमंच’ म्हटलं आणि माईक गेला. बाकीच्यांच्या वेळी चालू, याच्या वेळी बंद. त्या दिवसापासून त्यानं पद्धतच घालून घेतली. कार्यक्रमाच्या आधी मांडवभर हिंडायचं, आचाऱ्यापासून अध्यक्षापर्यंत प्रत्येकाला गाठायचं आणि विचारायचं, “आपलं योगदान काय?” मोठी माणसं आधी लाजतात, मग जरा जास्तच सांगतात. धोंडिराम सगळं डोक्यात भरून घेतो आणि एक शब्द न गाळता माईकवर ओततो. एकदा तर त्यानं वीज कंपनीचेही आभार मानले होते, जेवणाच्या पंगतीत लाईट घालवली नाही म्हणून.

पोटापाण्याला धोंडिराम साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत बॅगांच्या कंपनीत कटिंग मास्तर. जुना माणूस, पर्मनंट. त्याची बायको लता त्याच गाळ्यात शिलाई मशिनीवर, पण ती कंत्राटदाराची. नवराबायको एकाच मेट्रोनं जायचे, एकाच दारातून आत शिरायचे, पण कंपनीच्या हिशेबी धोंडिराम होता आणि लता नव्हती. बॅगेचं कापड तो कापायचा, बॅग ती शिवायची. बॅग परदेशी जायची आणि लता दर अकरा महिन्यांनी ‘नवीन’ लागायची. नऊ वर्षं हे चाललेलं. आपल्याला एकदा पर्मनंट म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं. देवाकडे नव्हे, देव ती मानत नाही, कंपनीच्या मालकाकडे, मितेशशेठकडे.

अशात एका परदेशाशी आपल्या सरकारचा व्यापार करार व्हायचा घाट घातला गेला. करार झाला की आपल्या बॅगांवरची तिकडची जकात उडणार, म्हणून शेठलोक हवेत होते. फक्त एक मेख होती. तिकडचे लोक म्हणत होते, करारात कामगारांचाही एक धडा हवा, आणि कंत्राटी माणूससुद्धा कामगारच धरायला हवा. मालकांच्या महासंघानं लगेच कृणाल नावाचा वकील नेमला. चुणचुणीत पोरगा, कोट असा की त्यावर माशी बसली तर घसरावी. त्यानं धडा लिहिला. तिकडच्यांनी जिथं जिथं ‘केलेच पाहिजे’ म्हटलं होतं तिथं ‘करण्याचा प्रयत्न राहील’ असं घातलं, आणि कामगार कोण, तर ज्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर आहे तोच. बाकीचे कोण, ते लिहिलं नाही. हवापाणी असावेत.

मग अंधेरीच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात सल्लामसलत ठरली. सरकारी अधिकारी येणार, परदेशी शिष्टमंडळ येणार, मालक तर असणारच. एक कामगार प्रतिनिधीही हवा होता. कृणाल म्हणाला, “बोलणारा नको. भाषण दिलं की प्रॉब्लेम होतो.”

मितेशशेठच्या डोक्यात दिवा लागला. “आपला धोंडिराम! तो फक्त थँक्यू बोलतो.”

“परफेक्ट,” कृणाल म्हणाला. “थँक्यूमध्ये कोण काय चुकणार?”

शेठनं धोंडिरामला केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली. “धोंडिरामभाई, इंटरनॅशनल स्टेज आहे. आभार तुमी मानायचे. प्रोग्राम नीट झाला ना, की भाभीचं पर्मनंटचं बघतो मी. प्रॉमिस.”

धोंडिराम घरी पोचला तो अर्धी वीत उंच होऊन. लतानं मात्र कणीक मळता मळताच त्याला खाली आणला.

“अहो, दोन वाक्यं बोलायची. पाहुण्यांचे आभार, शेठचे आभार, खाली बसायचं. कळलं?”

“अगं लते, इतकी माणसं राबतात, त्यांची नावं—”

“एकाचंही नाव घ्यायचं नाही! माझी नऊ वर्षं टांगणीला लागलीत. शपथ घ्या.”

धोंडिरामनं शपथ घेतली. मनापासून घेतली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शिष्टमंडळ आधी गाळा बघायला येणार होतं. गाळ्यात हजेरीपटावरची माणसंच दिसायला हवीत, म्हणून शेठनं कंत्राटातल्या बायकांना बसमध्ये घालून बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सहलीला धाडलं. वर पुरी-भाजी आणि श्रीखंड. नऊ वर्षांत चहा फुकट मिळाला नव्हता; बायका गाणी म्हणतच गेल्या. इकडे त्यांच्या मशिनींवर चादरी टाकून वर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या. शिष्टमंडळाच्या प्रमुख बाई कुंड्यांपाशी थांबल्या, “किती सुंदर!” म्हणाल्या आणि फोटो काढून घेतला.

दुपारी हॉटेलात भाषणं सुरू झाली. धोंडिराम पांढऱ्या सफारीत कोपऱ्यात बसला होता. बसून बसून त्याची बोटं वळवळायला लागली. माणसं दिसत होती, योगदानं दिसत होती. शपथ बोलण्याबद्दल होती, विचारण्याबद्दल थोडीच होती? तो उठला आणि चहाच्या टेबलाशी कृणालला गाठलं.

“साहेब, आपलं योगदान काय?”

“माझं?” कृणालनं टाय नीट केला. “अहो, हा अख्खा चॅप्टर मीच लिहिलाय. गव्हर्न्मेंटनं नुसतं कव्हर लावलं.”

धोंडिरामला धन्य वाटलं. मग त्यानं सरकारी साहेबांना विचारलं, शेठला विचारलं, बसच्या ड्रायव्हरला फोन लावला, कुंड्या वाहणाऱ्या हमालांना लावला. आणि शेवटी निवेदिकेनं त्याचं नाव पुकारलं.

शेजारी नमिता नावाची दुभाषी मुलगी उभी राहिली. शिष्टमंडळानंच आणलेली, शब्दाला शब्द देणारी. धोंडिरामनं पहिलं वाक्य म्हटलं, पाहुण्यांचे आभार. दुसरं म्हटलं, शेठचे आभार. शपथ इथं संपली. समोर माईक होता, तोही चालू होता. तुम्हीच सांगा, भरल्या ताटावरून उठतं का कुणी?

“तसेच,” धोंडिराम म्हणाला, “मी आभार मानतो कृणालसाहेबांचे! सरकारी साहेबांच्या मागे कामं किती. त्यांना तसदी नको म्हणून कामगारांचा अख्खा धडा मालकांच्या वतीनं कृणालसाहेबांनी स्वतः लिहून काढला. टाळ्या!”

नमितानं इंग्रजीत सांगितलं. टाळ्या आल्या नाहीत.

“सरकारी साहेबांचेही आभार. त्यांनी त्यातला काना-मात्रा बदलला नाही. असा विश्वास आजकाल सख्ख्या भावांत उरलेला नाही!”

सरकारी साहेब मान वर करून झुंबर बघू लागले.

कृणालनं मागून सफारी ओढली. धोंडिराम वळला आणि आस्थेनं म्हणाला, “कुणी राहिलं का, साहेब? हां, बरोबर! मितेशशेठ! पाहुण्यांना गाळ्यात गर्दी नको, म्हणून शेठनी आमच्या सगळ्या कंत्राटातल्या बायकांना स्वखर्चानं सहलीला पाठवलं. त्यात माझी मंडळीही आहे. बसचे ड्रायव्हर पहाटेच गाडी घेऊन आले, त्यांचे आभार. आणि बायकांच्या मशिनी झाकून त्यावर ज्यांनी कुंड्या मांडल्या, त्या हमाल बांधवांना विसरून कसं चालेल? मॅडमनी फोटोसुद्धा काढला!”

नमिता थांबली. हे खरंच सांगू का, असं तिनं डोळ्यांनी विचारलं. धोंडिरामला वाटलं, पोरगी रुसली. तो लगबगीनं म्हणाला, “आणि नमिताताईंचे आभार, ज्या एकही शब्द गाळत नाहीत!”

मग बिचारीला गाळायला तोंडच राहिलं नाही. तिनं सगळं सांगितलं.

परदेशी बाईंनी आपल्या फोनवरचा कुंड्यांचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. चादरीखालून मशिनीचं चाक डोकावत होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “या बायका कोण?”

मितेशशेठ स्प्रिंगसारखे उठले. माईक ओढून घेत म्हणाले, “आवर फॅमिली, मॅडम! ऑल पर्मनंट! पिकनिक म्हणजे... हॅपिनेस स्कीम!”

“छान,” बाई म्हणाल्या. “मग उद्या सकाळी या फॅमिलीला भेटूया.”

संध्याकाळी लता उन्हानं लाल होऊन घरी आली. कान्हेरीपर्यंत चढून आली होती, लेण्यांत वंदना करून आली होती, खूष होती. चप्पल काढेपर्यंत सुपरवायझर दर्शनाचा फोन आला. फोन ठेवला तेव्हा लताचा लाल रंग आणखी लाल झाला होता.

“दोन वाक्यं!” ती म्हणाली. “दोन वाक्यं सांगितली होती तुम्हाला! मी मान मोडून शिवतेय एका शब्दासाठी, आणि तुम्ही ड्रायव्हरचे आभार मानत बसलात? माझी वाट लावलीत!”

धोंडिराम भिंतीला टेकून बसला. जेवण गार होत होतं. तो पुटपुटला, “पण शेठ तर म्हणाला, सगळ्या पर्मनंट आहेत.”

“कुणासमोर?”

“सगळ्यांसमोर. माईकवर.”

लतानं फोन उचलला आणि एकेका मैत्रिणीला लावत सुटली. धोंडिरामला वाढायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, आणि त्याचीही मागायची छाती झाली नाही.

सकाळी मितेशशेठ गाळ्यावर आले तर कुंड्या हललेल्या, मशिनी चकचकीत, आणि बायका सगळ्या बाहेर जिन्यावर. कुणी भाजी निवडतेय, कुणी वेणी घालतेय.

“अरे बसा ना आत! मॅडमची गाडी निघाली!”

“बसतो की, शेठ,” लता म्हणाली. “पण पर्मनंट माणसाला कार्डाशिवाय आत सोडायचं नाही, नियम तुमचाच आहे. आमचे हे परवा कार्ड विसरले तर वॉचमननं घरी पाठवलेलं.”

वॉचमननं मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा नियम त्याच्या बाजूनं बोलत होता.

“उद्या देतो कार्ड!”

“मग मॅडमनाही उद्याच भेटतो. काय गं राधामावशी?”

“मला तर काल श्रीखंड बाधलंय,” राधामावशी म्हणाली. “सुट्टीच घ्यावी म्हणते.”

शेठनी कृणालला फोन लावला. कृणाल म्हणाला, एका गाळ्यातल्या बायकांपायी अख्ख्या धंद्याची जकातमाफी घालवू नका, द्या कार्ड. शेठनी ऑफिसकडे धाव घेतली. बाईंची गाडी तेव्हा साकीनाक्याच्या सिग्नलला अडकली होती. त्या सिग्नलला आजवर फक्त शिव्या मिळाल्यात, पण त्या दिवशी तो कामगारांच्या बाजूनं उभा राहिला. प्रिंटर घरघरू लागला, नेमणूकपत्रं निघू लागली, शिक्के बसू लागले. फोटो नव्हते म्हणून सहलीतल्या मोबाईलवरचे लावले. त्यामुळे निम्म्या बायकांच्या कार्डावर आजही मागं माकड दिसतं. शेवटच्या बाईच्या हातात कागद पडेपर्यंत लता जिन्यावरून हलली नाही.

परदेशी बाई आल्या तेव्हा सगळ्या मशिनी गरगरत होत्या. बाई लताजवळ थांबल्या. नमितानं विचारलं, “इथं किती वर्षं काम करता?”

“नऊ.”

“आणि पर्मनंट कधीपासून?”

लतानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. “पाऊण तास झाला.”

बाई आधी हसल्या, मग त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. शेठही हसले, त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

कराराचं म्हणाल, तर तो धडा परत गेला, त्यावर म्हणे बरीच खडाजंगी झाली, आणि एक-दोन शब्द बदलून पुन्हा कृणालच्याच वळणाचा होऊन आला. मग शाली घालून, फोटो काढून सही झाली. वसाहतीतल्या बाकीच्या गाळ्यांत बायका अजून दर अकरा महिन्यांनी नवीन लागतात आणि आपल्याही शेठला एखादी सहल काढायची बुद्धी होवो म्हणून वाट बघतात. या एका गाळ्यातल्या कार्डांना मात्र शेठनी हात लावला नाही. बाई दर वर्षी येईन असं सांगून गेल्या होत्या.

कार्ड मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात एका सोमवारी लता उठलीच नाही. धोंडिराम घाबरला.

“ताप आहे का गं?”

“नाही.”

“गावाला जायचंय? कुणी येणारे?”

“नाही.”

“मग?”

“रजा आहे. भरपगारी.”

“अगं, पण कशासाठी?”

“कशासाठीच नाही,” लता म्हणाली आणि कूस बदलली.

धोंडिराम स्वतःच डबा भरून, काल उरलेली भाकरी आणि ठेचा घेऊन, मेट्रोकडे गेला. लता डोळे मिटून पडून राहिली. पण कामाची वेळ झाली तसं तिला राहवेना. कंत्राटात असताना एक दिवस पडून राहिलं तर दुसऱ्या दिवशी आपल्या मशिनीवर भलतीच बाई बसलेली दिसायची. तिनं दर्शनाला फोन केला.

“ए, माझ्या मशिनीवर कोण बसलंय?”

“कुणी नाही.”

“म्हणजे? रिकामी ठेवलीय?”

“मग काय करणार? तुझी आहे ना ती. उद्या येशील तेव्हा चालव.”

लतानं फोन उशीखाली सारला, चादर डोक्यावरून ओढून घेतली, आणि दुपारी शेजारीण दार ठोठावेपर्यंत घोरत पडली.