एकटा बाण

एरंडोलच्या शाळेत शेजारच्या वर्गावर गणिताचे एक सर होते. मधल्या दारातून मला त्यांचा फळा दिसे. एरवी शुद्ध बोलत, पण उत्तर जमलं की अहिराणीत म्हणत, "आते बरोबर शे."

एकदा त्यांनी दोन गोलांत सगळ्या मुलांची नावं लिहिली आणि कोण कोणाच्या घरी जेवलंय, तसे डाव्या गोलातल्या जेवणाऱ्याकडून उजव्या गोलातल्या त्या घरच्या नावाकडे बाण काढायला लावले. बाण निघाला ते नाव प्रांतात, पोचला ते विस्तारात. बौद्धवाड्यातल्या मुलीकडून बाण निघाला. बाकी सगळ्यांपर्यंत बाण पोचले, तिच्यापर्यंत एकही पोचला नाही.

सरांनी फळा पुसू दिला नाही. संध्याकाळी ते तिच्या घरी कळण्याची भाकरी जेवून आले. गावभर झालं. सकाळी त्यांनी डावीकडे 'सर' लिहून तिच्या नावापर्यंत बाण ओढला.

"आता विस्तारात सगळे आले, सर," कोणीतरी म्हणालं.

सर त्या एकट्या बाणाकडे बघत राहिले. "आते बरोबर शे" काही म्हणाले नाहीत.