विल्फ टनिक्लिफची संथ वरात

आमच्या कालव्यावर विल्फ टनिक्लिफला ओळखत नाही असं कुणी नाही, आणि ओळखणाऱ्यांपैकी निम्म्यांशी त्याचं भांडण झालेलं आहे. उरलेल्यांशी व्हायचं आहे. मी हेटी, त्याची शेजारीण. त्याची ‘मेव्हिस’ आणि माझी ‘टीझल’ या दोन बोटी आल्डरच्या झाडाखाली इतक्या चिकटून बांधलेल्या असतात, की तो सकाळी शिंकला तर मला अंथरुणात जाग येते. हा शेजार मी वर्षानुवर्षं सोसला आहे, तेव्हा त्याच्याविषयी बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणाला नाही.

विल्फचा आजार एकच. लांबून इंजिनाची फटफट ऐकू आली, की हा चहाचा मग घेऊन बोटीच्या दारात उभा. समोरून बोट जायला लागली की ओरडणार, “हळू!” आता बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग कमी करावा, हा कालव्यावरचा रिवाजच आहे. तो मोडणारा माणूस मलाही आवडत नाही. कुणी दणक्यात गेलं की पाणी खालून ओढलं जातं, बोट दोरांना हिसके देते, काठावरच्या खुंट्या उपटतात आणि शेगडीवरचं सूप पायावर येतं. पण विल्फचं समाधान व्हायला बोट जवळजवळ थांबावी लागते. हळू जाणाऱ्याला तो “अजून हळू!” म्हणतो. एकदा एक कुटुंब आजोबांची राख पाण्यात सोडायला निघालं होतं. काळे कपडे, खाली माना, बोट गोगलगायीच्या चालीने. त्यांनाही हा ओरडला, “हळू! आजोबांना आता कसली घाई आहे?”

मजा म्हणजे हाच माणूस आधी स्टोक शहरात रुग्णवाहिका चालवायचा. भोंगा वाजवायचा, लाल दिवे ओलांडायचे आणि सगळ्या गावाला बाजूला सारायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. त्याची बायको मेव्हिस वारली तेव्हा त्यांची मुलगी ब्रायनी शाळेत होती. त्याने नोकरी सोडली, घर विकलं, बोट घेतली, तिला बायकोचं नाव दिलं आणि पोरीला घेऊन पाण्यावर राहायला आला. बोटी रंगवायची कामं करून पोट भरलं, पण घाई म्हणून पुन्हा केली नाही. मी एकदा त्याला विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला, “मेव्हिसच्या वेळीही मीच गाडी चालवत होतो, हेटी. काय पळवली होती! काही उपयोग झाला नाही.” त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्याला शिव्या मात्र चालू ठेवल्या.

ब्रायनी बोटीवरच मोठी झाली. पाठीने लॉकचे, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या हौदाचे, दरवाजे ढकलत शाळेचा अभ्यास पाठ करणारी पोर होती ती. पुढे जनावरांच्या दवाखान्यात लागली आणि तिथे तिला डंकन भेटला. उंच, तांबूस, आणि वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करणारा. तो मूळचा पार उत्तरेच्या समुद्रातल्या ऑर्कनी बेटांवरचा. लग्न करून दोघं तिकडेच राहणार, मेंढरांचा दवाखाना काढणार, असं ठरलं. ब्रायनीने हे सांगितलं तेव्हा मी विल्फच्या बोटीतच बसून चीज-बेकन घातलेली ओटची धिरडी खात होते.

विल्फने चहाचा मग खाली ठेवला. मग विचारलं, “ऑर्कनीला कालवा आहे?”

“नाही, डॅड.”

“मग माणसं राहतात कुठे?”

“घरात.”

“अरेरे,” विल्फ म्हणाला आणि भांडी धुवायला उठला.

लग्न एलरबीच्या चर्चमध्ये होतं. मोटारीने पाव तासाचा रस्ता. बोटीने म्हणाल तर मधे तीन लॉक, दोन गावं आणि वळणंच वळणं. पण मुलगी बोटीतूनच जाणार, असं विल्फने जाहीर केलं. ब्रायनीलाही ते आवडलं. ती म्हणाली, “मग आदल्या दिवशीच जाऊन चर्चपाशी बोट बांधू. सकाळी उतरलं की झालं.”

“छे! नवरीने घरून निघायचं असतं.”

“डॅड, आपलं घर म्हणजे बोटच आहे.”

“घर म्हणजे हे झाड, हा काठ आणि शेजारी ही कटकटी बाई. इथूनच निघायचं.”

कटकटी बाई मीच. लॉकचं हँडल फिरवायला तिसरं माणूस हवं म्हणून माझीही वर्णी लागली. ब्रायनीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “हेटी, एक वाजताचं लग्न आहे. दोन वाजता पाद्रीबाईंकडे एका बाळाचं नामकरण आहे. आपण चुकलो तर लग्न पुढे ढकलावं लागेल, आणि सोमवारी आमची बोट आहे ऑर्कनीची. डॅडवर लक्ष ठेव.” मी म्हटलं, “मी काय दुसरं करते गं इतकी वर्षं?”

लग्नाच्या दिवशी विल्फ पहाटेपासून धुराड्याच्या पितळी कड्या घासत बसला. कड्या चमकल्या, मग दिवे. दिवे चमकले, मग सुकाणूचा दांडा. ब्रायनी पांढरा झगा घालून, खाली रबरी बूट चढवून तयार झाली, तरी हा पितळेत तोंड पाहत होता. शेवटी मीच दोर सोडले आणि ओरडले, “विल्फ, बोट सुटली!” तेव्हा कुठे त्याने इंजिन चालू केलं.

पहिल्या मैलातच इंजिन खोकायला लागलं. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी गुंतलं होतं. विल्फने करडा कोट काढला, कोटावरच्या फुलासकट माझ्या हातात दिला, मागची झडप उघडली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. आधी एक पट्टा आला. मग बाही. मग अख्खा जांभळा ड्रेसिंग गाऊन.

“घ्या,” मी म्हटलं, “पहिला आहेर आला.”

ब्रायनी हसून हसून खाली बसली. विल्फने मात्र तो गाऊन पिळला, छपरावर वाळत घातला आणि वर म्हणाला, “कापड चांगलं आहे.” लग्नाच्या बोटीवर जांभळी गुढी उभारल्यासारखं दिसत होतं.

तिसऱ्या, शेवटच्या लॉकपाशी भाड्याची बोट घेऊन आलेलं एक टोळकं आमच्या पुढे होतं. सगळ्यांच्या डोक्यावर चाच्यांच्या टोप्या आणि एकालाही दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते ठाऊक नाही. पण नवरी दिसल्यावर त्यांना असा काही हुरूप आला, की आमचे दरवाजेसुद्धा त्यांनीच ढकलले. तरी लॉकमधलं पाणी कुणाचं ऐकत नाही. ते भरायचं तेवढ्याच वेळात भरतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. डंकन होता.

“हेटी, कुठे आहात? निघालात ना? ब्रायनी बरी आहे ना? मी गाडी पाठवू का?”

“उतावळ्या, गुडघ्याला बाशिंग बांधून बस जरा. येतोय आम्ही.”

पण मला धाकधूक होतीच. कारण पुढे दगडी पूल होता, आणि त्या पुलाअलीकडे बोट क्लबचा उन्हाळी मेळावा. काठाला बोटीला बोट लागलेली. विल्फने ते पाहिलं आणि इंजिनाचा खटका पार मागे ओढला. फटफट बंद होऊन नुसतं ‘पुक... पुक...’ सुरू झालं.

“डॅड,” ब्रायनी म्हणाली, “आजचा दिवस थोडं जोरात चल. कुणी काही म्हणणार नाही.”

“मी म्हणेन ना!”

म्हणायला तर सगळेच बाहेर आले. विल्फने ज्यांना ज्यांना ओरडून ठेवलं होतं, ते सगळे चहाचे मग घेऊन आपापल्या दारात. मला वाटलं, आता हे लोक उट्टं काढणार. पहिलाच क्लेम नावाचा बोटवाला उभा होता. विल्फने याला इतक्या वेळा हटकलं होतं की त्या दोघांचं बोलणंच बंद होतं. क्लेमने आधी पोरीकडे पाहिलं, मग चर्चच्या दिशेला पाहिलं, आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “अरे पळव की, विल्फ!”

मग काय, सगळा काठच ओरडायला लागला. “हाण, हाण!” “आमचा चहा सांडू दे रे!” “टनिक्लिफ, मेल्या, एकदा तरी जोर कर!” एका बाईने तर कपबशा आवरून दाखवल्या, की बघ बाबा, आता काही फुटत नाही. विल्फ सरळ समोर बघत होता. “नियम म्हणजे नियम,” तो म्हणाला. पुक... पुक...

बदकीण पिल्लं घेऊन आमच्या पुढे गेली. काठच्या पायवाटेवरून काठी टेकत चाललेल्या एका आजीबाईने आम्हाला मागे टाकलं आणि मागे वळून “शुभेच्छा हं!” म्हणाली. तेव्हा ब्रायनीचा धीर सुटला. तिने झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि चालत्या बोटीतून काठावर उडी मारली. चालती म्हणायचं आपलं.

“तशीच जा पोरी,” मी ओरडले, “पोचशील वेळेवर!”

“डॅडला सोडून? मी त्याच्याशिवाय आत जाणार नाहीये!” आणि ती बोटीशेजारून चालायला लागली, दहा पावलं पुढे जायची आणि वाट बघत थांबायची.

“मग सुकाणू माझ्याकडे दे,” मी विल्फला म्हटलं, “आणि तूही उतर.”

“तुझ्याकडे? मेव्हिसला ओरखडा येईल.”

हा अपमान मी लग्नघर आहे म्हणून गिळला. शेवटची बोट मागे पडली, पूल गेला. पुढे मोकळा सरळ कालवा, दोन्हीकडे शेतं आणि लांब झाडांमधून चर्चचं टोक. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि इंजिनाचा आवाज चढायची वाट पाहिली.

पुक... पुक...

“विल्फ, बोटी संपल्या.”

“पुढच्या वळणापलीकडे असेल एखादी.”

“वळण अजून कुठच्या कुठे आहे!”

त्याने खटक्याला हातही लावला नाही. काठावर ब्रायनी थांबली. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. आयुष्य या इंजिनाच्या आवाजात काढलेली पोर ती, तिला काय कळायचं राहणार? ती शांतपणे म्हणाली, “डॅड, इथे एकही बोट नाहीये.”

“माहीत आहे.”

“मग?”

विल्फने दांड्यावरचं पितळ उगाच बाहीने पुसलं. “चर्च आलं की तू उतरणार. मग मी ही बोट परत घेऊन जाणार. एकटा. मला नाही जमत गं, ब्रायनी. सकाळपासून जमत नाहीये.”

माझ्या जिभेवर एक टोमणा तयार होता. मी तो तसाच ठेवला. इतकी वर्षं याला छळवादी म्हणत आले, आणि आता मलाच रडू यायला लागलं होतं.

ब्रायनी बोटीवर चढली, त्याच्या शेजारी उभी राहिली. “मी ऑर्कनीला चाललेय, चंद्रावर नाही.”

“चंद्र इथून दिसतो तरी.”

“विमान आहे. तासाभराचं.”

“विमान फार जोरात जातं.”

“डॅड.” तिने त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला. “तू आठवड्याला फोन करशील, मी उन्हाळ्यात येईन, तू हिवाळ्यात यायचंस. आणि तुला खरंच जमत नसेल, तर तसं सांग. पण मला डंकनशी लग्न करायचंय. आज करायचंय. पोचव मला.”

पोचव मला. ते शब्द त्याने पूर्वी कितीजणांच्या तोंडून ऐकले असतील, देव जाणे. विल्फने नाक पुसलं. पाठ सरळ केली. ब्रायनीला म्हणाला, “धरून बस.” मला म्हणाला, “हेटी, तो गाऊन धर.” आणि खटका जो पुढे लोटला, तो पार टोकाला.

‘मेव्हिस’ने आधी हबकल्यासारखं केलं. मग मागचं टोक पाण्यात बसलं, पुढचं वर आलं, धुराड्यातून काळा लोट निघाला आणि कपाटातल्या सगळ्या बशा एकदम बोलायला लागल्या. मागे तपकिरी लाटा काठावर चढत होत्या. खरं सांगायचं तर धावणाऱ्या माणसाने आम्हाला तेव्हाही गाठलं असतं. पण कालव्यावर याला पळणं म्हणतात. ब्रायनी एका हाताने डोक्यावरची फुलं आणि दुसऱ्या हाताने बापाला धरून उभी होती. फोनवर डंकनला मी ओरडून सांगितलं, “पाद्रीबाईंना धरून ठेव! आलोच!”

वळण आलं. आणि वळणापलीकडे खरोखरच एक बोट बांधलेली होती. चांगली, नवी रंगवलेली, खिडकीत लेसचे पडदे. तिच्या दारात एक टकलू गृहस्थ चहाचा मग घेऊन उभा. मी विल्फकडे पाहिलं. त्याचा हात खटक्यावर होता. बोटं आवळली होती.

“हळू!” तो गृहस्थ ओरडला. “हळू!”

“माझ्या पोरीचं लग्न आहे!” विल्फ ओरडला.

“असेल! नियम म्हणजे नियम!”

“बरोबर आहे तुझं!” विल्फ म्हणाला. “अगदी बरोबर आहे!” त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्याला सवड नव्हती, कारण खटका मागे येऊ नये म्हणून तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता. आमची लाट त्या बोटीवर आदळली, चहा त्या माणसाच्या सदऱ्यावर गेला, आणि विल्फ टनिक्लिफने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.