थोरलीच्या नावाची हजेरी

देगलूरपासून आत, तेलंगणाच्या हद्दीला लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. चार वर्ग आणि शिक्षक दोघंच, मुख्याध्यापक सर आणि मी. त्या वर्षी दुसऱ्या शिक्षकाचं पद टिकायला नेमकं एक मूल कमी पडत होतं. पद गेलं असतं तर मी अतिरिक्त ठरून माहूरच्या डोंगरात गेले असते. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला साधीभोळी समजू नये.

दिवाळीनंतर गावच्या वीटभट्टीवर हद्दीपलीकडून एक कुटुंब आलं. त्यांची सहा वर्षांची मुलगी रोज वर्गाच्या खिडकीचे गज धरून उभी राहायची. मी तिला आत बसवलं. तिचा जन्म अशाच कुठल्याशा भट्टीवर झालेला. जन्माचा दाखला नाही, आधार नाही. पूर्वी यानं काही अडत नव्हतं. गुरुजी अंदाजानं वय धरायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, माझाही. आता कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पण आधार जुळलं नाही तर ते मूल मोजतही नाहीत. समोर बसून पाढे म्हणणारी, खिचडी खाणारी मुलगी सरकारी पोर्टलला दिसतच नाही. धन्य ते पोर्टल!

सरांनी तिच्या आईला बोलावलं. तिनं पिशवीतून एक आधारकार्ड काढलं.

"हे थोरलीचं हाय. मागल्या उन्हाळ्यात तापानं गेली. कार्ड तेवढं ऱ्हायलं. हेच्यावर हिला घेता का?"

सर माझ्याकडे बघत म्हणाले, "म्याडम, तुमीच ठरवा. पद तुमचं जाऊन राहिलंय."

तहसीलला खेटे घातले असते तर धाकटीचे स्वतःचे कागद झाले असते. पण पटाच्या मोजणीला चार दिवस उरले होते. मी त्या गेलेल्या मुलीचं नाव भरलं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी ते नाव पुकारलं. धाकटीनं झटकन मान वळवून दाराकडे पाहिलं. तिला वाटलं, बहीण आली. हे नाव घेतलं की तू 'हजर' म्हणायचं, असं मी तिला समजावलं. पोर गुणाची, आठवडाभरात शिकली. पण 'हजर' म्हणण्याआधी एकदा दाराकडे बघायची, ते काही सुटलं नाही. पुढे पुढे मीही बघू लागले.

मग आई येऊ लागली. काम टाकून हजेरीच्या वेळेला फाटकापाशी उभी राहायची आणि लगेच परत जायची. धाकटीची काळजी असेल असं मला वाटलं. एकदा विचारलं.

"तुमी थोरलीला रोज हाक मारता," ती म्हणाली. "अन् आतून हजर म्हंत्यात. तेवढं ऐकते अन् जाते."

त्यानंतर ते नाव तोंडातून काढणं मला जड जायचं. हजेरीपट मिटून ठेवावासा वाटायचा. पण फाटकाशी ती उभी असायची, मग मी नाव घ्यायचे, जरा मोठ्यानंच.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत भट्टी आटोपली आणि ती माणसं निघाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी थोरलीचं नाव लिहिलं, दुसरं लिहिताच येत नव्हतं. धाकटीला आता वाचता येत होतं. तिनं बोट फिरवत नाव वाचलं आणि कागद आईच्या हातात दिला.

"अक्काची शाळा झाली," ती मला म्हणाली. "आता माझी कवा, म्याडम?"

माझं पद टिकलं होतं.