औशाला टँकर आला तेव्हा

मुदखेडला उतरायचं आमच्या मनात नव्हतं. मनमाडला गाडी बदलल्यावर मीटरगेजच्या त्या डब्यात इतकं उकडत होतं, की आम्ही तिघंही एकमेकांच्या भरवशावर झोपलो. जाग आली तेव्हा नांदेड मागे राहिलं होतं. दोन गिटारी, माझा कीबोर्ड, गोणपाटात बांधलेले ड्रम आणि एक जड अँप्लिफायर फलाटावर उतरवून आम्ही सामानाभोवती उभे राहिलो.

आम्ही तिघं म्हणजे पुण्याचा एक बँड. माझा धाकटा भाऊ जोएल गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याचा मित्र फिलिप ड्रमवर, आणि शाळेत गणित शिकवून उरलेल्या वेळात मी, जोएलची मोठी बहीण, कीबोर्डवर. गाणी प्रभूची, पण इंग्रजीत आणि रॉकच्या ठेक्यावर. बँडचं नाव ‘द सिल्व्हर ट्रम्पेट्स’. ट्रम्पेट आमच्यात कुणालाच येत नव्हतं. बेस वाजवणारा महिन्यापूर्वी सोडून गेला होता. पुण्यात तेच तेच लोक तीच गाणी ऐकायला येत, तेही कमी होत चालले होते. नांदेडच्या एका पाळकांनी (चर्चचे धर्मगुरू) आणि त्यांच्या ओळखीनं औशाच्या ख्रिस्ती मंडळीनं बोलावलं, म्हणून आम्ही निघालो. जोएलनं निघण्यापूर्वीच सांगून टाकलं होतं, की हा दौरा पडला तर तो गिटार विकून नोकरीला लागेल.

मुदखेडच्या फलाटावर वाघमारे नावाचे पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे रेल्वे कर्मचारी) भेटले. पन्नाशीचे, उंच, खाकी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“नांदेडला जायला दीड तासानं गाडी हाय,” ते म्हणाले. “उन्हात काहून उभे? सावलीला या.”

त्यांनी आपल्या माठातून तिघांना अर्धा अर्धा पेला पाणी दिलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. त्या अर्ध्या पेल्याची किंमत तेव्हा आम्हाला कळली नाही. फिलिपनं तर अजून आहे का म्हणून विचारलं. वाघमाऱ्यांनी आणखी दोन घोट ओतले.

त्यांचीही एक गायन पार्टी होती. ते आणि त्यांचे भाऊबंद भीमजयंतीला गावोगाव बाबासाहेबांची गाणी गात, ढोलकीवर वाघमारे स्वतः. मग अर्थातच त्यांनी आमचं गाणं ऐकायला मागितलं. जोएलनं साधी गिटार काढून त्याचं सगळ्यात आवडतं गाणं म्हटलं. वाघमाऱ्यांनी ते शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकलं.

“चाल चांगली हाय. कळलं मात्र काईच न्हाई. कुणासाठी गाऊन राहिले तुम्ही?”

“देवासाठी,” जोएल म्हणाला.

“त्याला समद्या भाषा येत असतील. मी माणसांचं इचारून राहिलो.”

जोएल गिटार पिशवीत घालू लागला.

नांदेडचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या आवारात झाला. तो पडला असं म्हणणंही बरोबर नाही, कारण लोक फार सभ्य होते. पहिल्या गाण्याला मुलं नाचली. दुसऱ्याला बायकांनी माना डोलावल्या. चौथ्याला मागच्या रांगा रिकाम्या होत्या, आणि पुढचे लोक केवळ पाळकसाहेबांच्या भिडेपोटी बसले होते. एका आजोबांनी जाताना जोएलचा हात हातात घेतला. “सलाम, बाळ. लई मेहनत करता तुम्ही लोक,” असं ते मनापासून म्हणाले. जोएलला ते शिवीहून अधिक लागलं.

वाघमारे ड्यूटी संपवून ऐकायला आले होते. सकाळी ते पाळकांच्या घरी पुन्हा आले, ते ढोलकी घेऊनच. ओसरीवर बसून त्यांनी फिलिपला एक ठेका शिकवला. फिलिपचे हात काठ्यांना सरावलेले. बोटांनी वाजवताना तो पहिल्यांदा हसला, मग गप्प झाला, मग नाश्त्याला हाक मारली तरी उठेना. निघताना वाघमाऱ्यांनी ती ढोलकी त्यालाच दिली. “माझ्याकडं दुसरी हाय. वाजती ठेवा.”

“आपण रॉक बँड आहोत, तमाशाचा फड नाही,” ते गेल्यावर जोएल म्हणाला.

फिलिपनं ढोलकी मांडीवर घेतली आणि लातूरपर्यंतच्या सबंध प्रवासात ती खाली ठेवली नाही.

लोहा, अहमदपूर करत एस.टी. चालली होती. दोन्ही बाजूंना काळी जमीन, हात जाईल एवढ्या भेगा पडलेली. एका गावाबाहेर हापशाला घागरींची रांग होती, पण रांगेत माणूस एकही नव्हतं; प्रत्येक घागरीनं आपल्या मालकिणीची जागा धरली होती. लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेपासून वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, आणि दुकानांवरच्या जुन्या पाट्यांतलं ‘उस्मानाबाद’ चुन्यानं पुसलेलं. बसमधल्या शेजारीणबाईंनी ते मला अभिमानानं दाखवलं. पाण्याचं मी विचारल्यावर म्हणाल्या, “जिल्हा आलाय, आता पानीबी यील.” स्टँडजवळ आम्ही सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना मिरचीची फोडणी दिलेला नाश्ता) खाल्ली. फिलिपच्या मावशीचं नाव सुशीला असल्यानं त्याला दुसरी बशी मागताना फार संकोच वाटला.

औशाला मंडळी लहान होती, बारा-पंधरा घरांची. प्रार्थनाघरापुढच्या अंगणात आम्ही चार वाजताच सगळं मांडलं. शेजारच्या मुसलमान दुकानदारानं सतरंज्या दिल्या आणि स्वतःही येऊन बसला. गल्लीतले इतरही आले. जोएलनं डोळे मिटून सुरुवात केली. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं असताना गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, “टँकर आला!”

अंगण एका मिनिटात रिकामं झालं. दुकानदारही गेला. जोएल गातच होता. त्यानं डोळे उघडले तेव्हा समोर फक्त सतरंज्या होत्या. त्यानं गिटारीची वायर उपटली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.

तेवढ्यात ताराबाई आल्या. या मंडळीतल्या सगळ्यात वयस्क, गावोगाव शुभवर्तमान सांगत हिंडलेल्या एका प्रचारकाच्या विधवा. दोन्ही काखांत रिकाम्या घागरी होत्या. त्यांनी एक सरळ जोएलच्या हातात दिली.

“लेकरा, गानं कुठं पळून चाललं न्हाई. टँकर जाईल. चल माझ्यासंगं.”

आम्ही तिघंही गेलो. तासभर पाइप धरणं, घागरी उचलणं, म्हाताऱ्यांच्या घरी पोचवणं चाललं होतं. जोएलची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली. एका बाईचं नि त्याचं नंबरावरून भांडणही झालं, आणि ते तो हरला. परत आलो तेव्हा वीज गेली होती, पण ऊन अजून भिंतींवर होतं. ज्यांची पिंपं भरली होती ते सगळे निवांत चेहऱ्यांनी पुन्हा सतरंज्यांवर येऊन बसले. आता गाणार कसं? अँप्लिफायर मुका झाला होता.

“तुमचं यंत्र चालू होईस्तवर मी म्हनते,” ताराबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून त्यांनी सुरू केलं:

दुपारच्या पारी बाई, येशीला कोन आली
पाव्हणा मागतो पानी, तिनं घागर खाली केली
न्हाई दोर न्हाई बादली, हीर किती खोल
तान्हेल्या पाव्हण्याचं बाई, गोड किती बोल

विहिरीवर तहानलेल्या येशूनं एका शोमरोनी (यहुदी ज्यांना परकं मानत त्या जमातीच्या) बाईकडे पाणी मागितलं, बायबलमधली ती गोष्ट. जात्यावर बसून त्यांनीच ती रचली होती. फिलिपनं दुसऱ्या कडव्याला ढोलकी धरली, अगदी हलकी. मी कीबोर्ड सोडून टाळ्या वाजवू लागले. तिसऱ्या कडव्याला माझ्यामागून साध्या गिटारीचा सूर आला. तो सोपा सूर नव्हता. जोएल आपल्या रॉकच्याच सुरावटी त्या ओवीखाली घालत होता, आणि त्या बसत होत्या. दुकानदार हाताच्या तळव्यानं जमिनीवर ठेका धरून होता. गाणं संपवायला कुणी तयार नव्हतं.

नंतर भाकरी आणि येसरची आमटी (भाजून दळलेल्या धान्यमसाल्याची) समोर आली, तेव्हा जोएलनं ताराबाईंना विचारलं, हे गाणं आम्ही म्हटलं तर चालेल का.

“म्हना की. माझं काय त्यात.”

“एक शब्द बदलू का? ‘पाव्हणा’च्या जागी ‘प्रभू’ केलं तर?”

ताराबाई जेवता जेवता थांबल्या. “तिला कुठं ठावं होतं परभू हाय म्हनून? तिला तान्हेला पाव्हणाच दिसला. म्हनून तर तिनं घागर खाली केली.”

जोएलनं पिशवीतून वही काढली. मग म्हणाला, “नाही बदलत.” त्यानं ओव्या पुन्हा म्हणायला लावून वहीत उतरवून घेतल्या, ‘हीर’ आणि ‘पानी’सकट.

परत येताना लातूरजवळच्या मुरुडच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. चहा पिता पिता फिलिपनं बँडच्या नावाचा विषय काढला. जोएलनं त्यावर आधीच विचार केला होता. ज्या गावाबाहेर येशूच्या गोष्टीतली ती विहीर होती, त्याचं नाव सुखार. “आपण ‘सुखार’ म्हणू,” तो म्हणाला. फिलिपला त्यात सुख ऐकू आलं, मला सुकलेलं रान. दोन्ही चाललं असतं.

पुण्यात सगळं काही गोड झालं नाही. आमच्या इंग्रजी उपासनेतल्या काहींना ढोलकी रुचली नाही, आणि एका कॉलेजनं ठरलेला कार्यक्रम रद्द केला. पण नव्या गाण्यांच्या पहिल्या तालमीला आमच्या घरी एक गोष्ट घडली. आई चहा घेऊन आली. चार वर्षं ती असाच चहा ठेवायची आणि दार ओढून निघून जायची. आम्हाला वाटायचं, तिला आवाजाचा त्रास होतो. त्या दिवशी मराठी शब्द कानावर पडले आणि ती दारातच थांबली, मग आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. जोएलचं कडवं संपल्यावर म्हणाली, “ ‘तान्हेल्या’ असं घाईनं म्हणू नकोस. तहान लागलेला माणूस घाई करू शकत नाही.”

जोएलनं ते कडवं पुन्हा म्हटलं, सावकाश. प्रवासानं आम्हाला नवा आवाज दिला असं लोक पुढे म्हणू लागले. मला मात्र वाटतं, आम्ही एवढ्या लांब जाऊन आलो ते आमच्याच घरातल्या एका ऐकणाऱ्या माणसापर्यंत पोचायला. चहा गार झाला तरी आई उठली नाही.